सोयऱ्याचं डिझेल

आमच्या घरात मी भासऱ्यांशी बोलत नसे. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, तेजरामभाऊ. भांडण वगैरे काही नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्या गावची, एकोडीची, तेव्हाची रीत होती. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती पाळत होते, पण माझ्या पद्धतीने. काही सांगायचं झालं की मी ते म्हशीला सांगायची. "म्हशी, आज बाजारातून मीठ नाही आलं तं उद्याची भाजी अळणी होईन." भासरे ओसरीवर बसलेले असत. संध्याकाळी मीठ घरात येई. त्या काळात आमच्या म्हशीइतकी माहितगार म्हैस साऱ्या साकोली तालुक्यात नसेल.

एकोणऐंशी सालची गोष्ट आहे. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, वेळेवर झाली, धान चांगलं उभं राहिलं, आणि पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो परतलाच नाही. धान पोटरीत आलं होतं. म्हणजे लोंबी तयार झालेली, पण अजून पानाच्या पोटात. या वेळी धानाच्या खाचरात, आमच्या बांधीत, पाणी असावंच लागतं, नाही तर लोंबी बाहेर येते ती पोचट. तलावात पाणी होतं, पण तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, खाली गेलेलं. ते आपोआप कालव्यात उतरणार नव्हतं. इंजिन लावून उचलावं लागणार होतं. गावाने मिळून घेतलेलं इंजिन तुडुमापाशी तलावाच्या पाळीवर बसवलेलं होतं आणि माझे यजमान, मधुकरराव, ते लेकरासारखं सांभाळत. फक्त डिझेल नव्हतं. त्या वर्षी ते कुठेच नव्हतं. साकोलीच्या पंपावर ट्रकांची रांग लागायची, आणि कॅन घेऊन गेलेला माणूस दिवसभर उन्हात उभा राहून अर्धा कॅन घेऊन परत यायचा. तेवढ्यावर इंजिन नुसतं खोकायचं.

अशा वेळी पुंडलिकराव आमच्याकडे आले. ते आमचे होणारे इवाई, म्हणजे व्याही. त्यांच्या टेकचंदशी आमच्या पुतणीची, शेवंताची, सुपारी आषाढात फोडली होती. मूळचे शेतकरी, पण तुमसरला राहायला गेले आणि नाकाडोंगरीकडच्या खाणींच्या ठेकेदारांना माल पुरवू लागले. आधी टोपल्या, दोर, घमेली. मग तेल, वंगण, डिझेल. पांढरंशुभ्र धोतर, हातात घड्याळ, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलं काम आत्ताच झालं.

"इवाई, तुमचं गाव ते माह्यं गाव," ते ओसरीवर बसून म्हणाले. "तुमचं धान वाळून राहिलं आन् मी पाहत बसू का? एक ट्रक भरून ड्रम आणतो. कुठून आणतो ते विचारू नका. फक्त माल उतरला का पूर्ण पैसे रोख द्या, आन् बाहेर कोनाले सांगू नका."

हा काळ्या बाजाराचा माल होता, हे ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला समजत होतं. अशा मालात फसलं तर तक्रार कुठे करणार? पोलीस आधी तुम्हालाच विचारतील, तुम्ही हे घेतलं कसं. ते मला तेव्हाही कळत होतं आणि मी म्हशीला तसं सांगितलंही. पण पोटरीतलं धान डोळ्यांसमोर असताना माणूस असल्या गोष्टी ऐकत नाही. गावाने वर्गणी काढली. कुणी बैल विकला, आमच्या जाऊबाईंनी, सुलोचनाबाईंनी, पाटल्या दिल्या. सगळी रक्कम भासऱ्यांच्या पेटीत जमा झाली, कारण तेजरामभाऊंच्या हातून कुणाचा पैसा कधी इकडचा तिकडे झाला नव्हता.

आमचे हे त्यांना म्हणाले, "दादा, ड्रम खाली करून पाह्यल्याशिवाय पैसे देऊ नको."

"सोयऱ्याचा माल तपासते का कोनी?" भासरे म्हणाले. "लग्न व्हायचं आहे अजून. इवायाले आत्तापासूनच चोर म्हनू का?"

यात रीत होती, आणि रीतीच्या आड भीती होती. शेवंता त्यांची एकुलती एक. तिची सुपारी याआधी एकदा मोडली होती. त्या मुलाने नागपुरात परस्पर दुसरीशी लग्न लावून घेतलं, दोष त्याचा, पण दोन वर्षं लोक आमच्या पोरीकडे बघून कुजबुजत राहिले. दुसऱ्यांदा मोडली असती तर तिला कुणी विचारलं नसतं. ते दिवसच तसे होते आणि मला त्यांचा अजून राग येतो. शिवाय शेवंताला हा मुलगा आवडला होता. पाहायला आला तेव्हा इतर मुलं विचारतात तसं त्याने स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलं नाही. तो म्हणाला, "आमच्या विहिरीचं पानी मचूळ आहे. चालन का तुमाले?" शेवंता हसली होती. आत येऊन चुलीपुढे बसून पुन्हा हसली होती.

तर असा सगळा मामला होता. मालावर शंका घ्यावी तर पोरीचं लग्न जातं, न घ्यावी तर गावाचा पैसा जाईल की राहील ते देवाला माहीत.

भादव्यातल्या एका सकाळी ट्रक आला. आमच्या दाराशी उभा राहिला, ड्रायव्हर उतरून पानठेल्याकडे गेला. पुंडलिकराव पुढून उतरले आणि टेकचंद मागून, ड्रमांच्या मधून. गाव गोळा झालं. मी आणि सुलोचनाबाई दाराच्या आडून पाहत होतो, शेवंता आमच्या मागून.

पुंडलिकराव हुशार माणूस. कुणी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "मधुकरराव, तुमी इंजिनवाले. सोयरा म्हनून लाजू नका. कोनता बी ड्रम दाखवा, तो खोलतो."

यांनी मधला एक दाखवला. पुंडलिकरावांनी त्याचं झाकण फिरवून काढलं. यांनी वेळूची लांब काडी आत सोडली, ती बुडाला टेकली, बाहेर काढली तर टोकापासून हातापर्यंत डिझेलने ओली. बोटावर घेऊन चोळून पाहिलं, हुंगलं. वात भिजवून पेटवली, ती तडतड न करता जळली. आणखी एक ड्रम उघडला. तेच. यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, माल चांगला आहे. गावाने सुस्कारा टाकला आणि भासऱ्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी रंग पाहिला.

मग धनीराम, आमचा शेजारी, ट्रकवर चढला. अंगाने दणकट माणूस. त्याने एक ड्रम कलता करून पाहिला आणि म्हणाला, "बाप्पा, लय जड आहे."

"काठोकाठ भरून आनले," पुंडलिकराव म्हणाले. "सोयऱ्याले कमी देते का कोनी?"

सगळे खूश झाले. इथे आमची चूक झाली आणि ती धानवाल्यांचीच चूक होती. आम्ही जन्मभर धान हातात तोलून पाहिलेलं. हलकं असलं की पोचट, जड असलं की भरलेलं. पोतं उचलताना कंबर दुखली तर आनंद व्हायचा. जड म्हणजे चांगलं, हे आमच्या हाडात मुरलेलं. डिझेलच्या बाबतीत ते उलटं असू शकतं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. यांच्या नाही, माझ्याही नाही.

मला शंका आली ती स्वयंपाकघरातून. सोयरा सुपारीनंतर पहिल्यांदा मुलाला घेऊन घरी आलेला. पहाटेपासून मी आणि जाऊबाईंनी कोंबडीचा रस्सा, वडे, सगळं केलं होतं. सुलोचनाबाईंनी निरोप पाठवला, हातपाय धुवा, पान वाढतो. पुंडलिकराव म्हणाले, "आज नाही जमत. लगेच निघा लागते. माल येथंच कोठीत उतरवून घ्या, आन् पैसे देऊन टाका." घड्याळाकडे बघत होते. आता मला सांगा, आमच्याकडे भांडायला आलेला सोयरासुद्धा जेवून भांडतो. आणि पुंडलिकराव जेवण टाकून पैसे मागत होते. टेकचंद तर खाली मान घालून उभा होता. त्याने ना माझ्याकडे पाहिलं, ना दाराकडे. दारात शेवंता आहे हे माहीत असलेला मुलगा दाराकडे एकदाही पाहत नाही, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

मी गोठ्याशी गेले आणि म्हशीला म्हणाले, "म्हशी, ड्रम कोठीत ठेवून त्याची कढी करायची आहे का? इंजिन तं तुडुमापाशी आहे. ट्रक आलाच आहे तं तलावाच्या घाटापर्यंत जाऊ द्या, आन् नेहमीसारखे पान्यातून न्या. धान थांबून राहिलं का आपल्यासाठी?"

ओसरीवर सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पाळीवर झाडी, गाडी जात नाही. खालून बांध्यांमध्ये धान उभं, तिथून जाणं शक्य नाही. म्हणून इंजिन आलं तेव्हापासून आमच्याकडे डिझेलचे ड्रम घाटावरून तलावात सोडायचे आणि दोर बांधून पलीकडे ओढत न्यायचे.

"पान्यातून?" पुंडलिकराव हसले. "लोखंडाचा ड्रम पान्यातून कसा नेता? बुडते ना तो."

"बुडत नाही," आमचे हे म्हणाले. "डिझेल पान्यापेक्षा हलकं. भरला ड्रम सोडला का गळ्यापर्यंत आत जाते आन् तसाच तरंगत राह्यते. एकटा माणूस ओढत नेते."

पुंडलिकरावांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यामागचा माणूस कुठेतरी निघून गेला. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. मग म्हणाले, "नका नेऊ. झाकनातून पानी शिरन. लोखंड गंजन. येथंच उतरवा, मंग तुमी सावकाश काय करायचं ते करा."

"काका, दरवर्षी नेतो आम्ही," धनीराम म्हणाला.

"इवाई," पुंडलिकराव आता फक्त भासऱ्यांशी बोलत होते, "हे तपासनं चालू आहे का माह्यं? एकदा काडी लावू दिली. आता पान्यात टाकून पाहता. असा भरवसा असन तं सोयरीक कायची करता?"

भासऱ्यांनी खाली पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते आणि एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या पंजावर घासत होता. मला त्यांच्या मनातलं सगळं दिसत होतं. पलीकडे गावाचा पैसा, अलीकडे शेवंता. माणूस वाईट नव्हता, पण बाप होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "इवाई म्हनतात तसं करा. येथंच उतरवा." आणि ते पेटी आणायला आत गेले.

तिथे उभं राहून मला जे वाटलं ते मी अजून विसरले नाही. मला त्यांची चीड आली आणि दयाही आली, दोन्ही एकदम. मी म्हशीकडे पाहिलं. तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. ड्रायव्हर तर पानठेल्यावरच होता. ट्रकमध्ये टेकचंद बसला होता. तो बापाकडे न पाहता ट्रक मागे घेत होता आणि मग त्याने तो घाटाच्या रस्त्याला लावला. पुंडलिकराव ओरडले, "ए, कुठी चालला? थांब." तो थांबला नाही. सगळं गाव ट्रकच्या मागे निघालं. मीही निघाले. पदर डोक्यावर धरून पळणं सोपं नसतं.

घाटावर पोचलो तेव्हा त्याने मागचा फळका पाडला होता आणि फळी टेकवून एक ड्रम खाली घसरवला होता. एकट्यानेच. ड्रम त्याच्या पायावरून घसटत गेला, मी पाहिलं नाही, नंतर कळलं. तो ड्रम त्याने घाटाच्या पायऱ्यांवरून गडगडत नेला आणि कमरेएवढ्या पाण्यात ढकलला.

ड्रम गळ्यापर्यंत आत गेला. मग गळाही गेला. पाणी त्याच्यावरून मिटलं. एक बुडबुडाही वर आला नाही.

टेकचंद वर आला, दुसरा ड्रम उतरवला, तोही ढकलला. तोही गेला. तोपर्यंत भासरे पेटी काखेत घेऊन आले होते. त्यांनी तिसरा ड्रम बुडताना पाहिला. पैसे पेटीतच होते.

"मले बी कोनी तरी फसवलं," पुंडलिकराव म्हणाले. "मी आता त्याले सोडत नाही." कदाचित कुणी विश्वास ठेवलाही असता. पण ज्याला फसवलंय तो आधी पाण्याकडे धावतो, आपला माल बघायला. पुंडलिकराव ट्रककडे बघत होते, किती लवकर निघता येईल ते.

उरलेले ड्रम आमच्या माणसांनीच पाण्यात सोडले. शेवटच्या रांगेतले दोन तरंगले, एका अंगाला कलून, आमच्या ओळखीचे. भासऱ्यांनी पेटी उघडली आणि त्या दोन ड्रमांचे ठरलेले पैसे मोजून पुंडलिकरावांच्या हातावर ठेवले. आवाज न चढवता म्हणाले, "जे आहे त्याचे घ्या. सोयरीक येथंच राह्यली. सुपारी मोडली समजा." पुंडलिकरावांनी पैसे घेतले, याचं मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त नवल वाटलं. ड्रायव्हर पळत आला, ट्रक निघाला. टेकचंद त्यात बसला नाही आणि बापाने त्याला बस म्हटलंही नाही.

दुपारी यांनी एक बुडालेला ड्रम दोर लावून बाहेर ओढला आणि छिन्नीने फोडला. भळाभळा पाणी निघालं. आत तोंडाच्या खाली एक पाईप जोडलेला होता, मनगटाएवढा, वरून बुडापर्यंत, खालून बंद. त्या पाईपात तेवढं डिझेल. आमची काडी त्या पाईपात जाऊन आली होती. भोवती सगळं विहिरीचं पाणी, काठोकाठ भरलेलं, हलवलं तर डचमळू नये म्हणून. मग लक्षात आलं, धनीरामला ड्रम जड का लागला. त्या दिवसापासून आमच्या गावात ड्रम घेताना आधी तो पाण्यात सोडतात. मग तो सोयऱ्याचा असो की सख्ख्या भावाचा.

गावाचा पैसा वाचला म्हणून लोक भासऱ्यांना नावाजायला आले. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. सुलोचनाबाई आत रडत होत्या. केलेला रस्सा तसाच पडून होता.

शेवंता चुलीपुढे बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "तुले काय वाटते?"

तिला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. तिने चुलीतली राख काडीने सारखी केली. मग म्हणाली, "काकू, त्याच्या पायाले लागलं. ड्रम पायावरून गेला. घाटावर बसून आहे तो अजून. कोनी पाह्यलं नाही."

म्हणजे तीही आली होती घाटावर, आमच्या सगळ्यांच्या मागून. आणि सगळं गाव ड्रमांकडे पाहत होतं तेव्हा ती त्याच्या पायाकडे पाहत होती. मी उठले.

गोठ्याकडे वळले आणि मधेच थांबले. हे म्हशीला सांगण्यासारखं नव्हतं. मी ओसरीवर गेले, पदर नीट केला, आणि भासऱ्यांसमोर उभी राहिले. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी मारलीच नव्हती. नवरा म्हणतो तेच म्हटलं.

"दादा," मी म्हणाले, "सुपारी कोनाशी मोडली तुमी? पुंडलिकरावांशी का टेकचंदशी?"

त्यांनी वर पाहिलं. आश्चर्य वाटलं असेल तर ते दाखवलं नाही.

"ड्रम पान्यात कोनं ढकलला ते पाह्यलं ना तुमी? तुमी तं पेटी आनाले आत गेले होते."

मी हे बोलले आणि मला वाटलं, जास्त झालं. यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, आत जा. पण भासरे चिडले नाहीत. मग ते सावकाश बोलू लागले, माझ्याकडे न पाहता, पण माझ्याशीच.

"मले शंका होती, केशर. इवायानं पानी मागितलं तेव्हाच कळलं होतं. तरी मी पैसे आनाले गेलो. पोरीचं लग्न राहावं म्हनून." त्यांचा आवाज बसला होता. "गावानं माह्यावर भरवसा ठेवला आन् मी त्यांचं धान बुडवून मंडप घालनार होतो. त्या पोरानं आपलं लग्न बुडवलं, आपलं घर सोडलं, आन् गाव वाचवला. मी त्याच्यापुढं काय तोंड घेऊन जाऊ?"

"तेच घेऊन जा," मी म्हणाले. "जेवन थंड होऊन राहिलं."

ते उठले. आमचे हे त्यांच्याबरोबर गेले, म्हणून पुढचं बोलणं मला माहीत आहे. टेकचंद घाटाच्या पायरीवर बसला होता. पायाला कापडाची चिंधी बांधलेली. दिवस मावळतीला आला होता.

"घरी काहून नाही गेला?" भासऱ्यांनी विचारलं.

"कोनत्या घरी जाऊ?"

भासरे त्याच्या शेजारी पायरीवर बसले. "तुले कधी माहीत झालं?"

"काल. पाईप बसवताना पाह्यलं."

"मंग सांगतलं काहून नाही? सकाळपासून तं येथंच होता."

टेकचंद म्हणाला, "बापाले चोर म्हनाले तोंड उघडलं नाही माह्यं. दोनदा उघडून पाह्यलं. मंग म्हनलं, बोलता नाही येत तं ट्रक तं चालवता येते."

भासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला घरी घेऊन आले. त्या संध्याकाळी मी रस्सा पुन्हा गरम केला. तो पोटभर जेवला. दाराकडेही पाहत होता, मी मोजलं नाही, पण पुष्कळदा.

धान सगळं नाही वाचलं. त्या दोन ड्रमांवर इंजिन जितकं चाललं तितकं चाललं. पुढे टेकचंद धनीरामकडे राहिला आणि रोज सायकलला कॅन बांधून साकोलीच्या रांगेत उभा राहू लागला. लंगडत जायचा, लंगडत यायचा. तलावाजवळच्या बांध्या भरल्या, लांबच्या वाळल्या. आमच्या दोन बांध्या गेल्या. पण गावाचा पैसा गावात होता, त्यामुळे पुढच्या वर्षी रोपांसाठी पऱ्हे टाकताना कुणाला दारोदार फिरावं लागलं नाही. सुलोचनाबाईंच्या पाटल्याही परत आल्या, आणि लग्नात शेवंताच्या हातात गेल्या.

लग्न माघात झालं. टेकचंदची आई एकटी आली. पुंडलिकराव आले नाहीत. व्याहीभेटीच्या वेळी भासरे मंडपाच्या तोंडाशी नारळ घेऊन बराच वेळ उभे राहिले, मग तो त्यांनी विहिणीच्या ओटीत घातला. टेकचंदने पुढे साकोलीला इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. भासरे आणि मी त्या दिवसानंतर सरळ बोलू लागलो, आणि म्हैस म्हातारपणी निवांत झाली.

टेकचंद दर दिवाळीला तुमसरला जायचा. एकटा, सकाळच्या गाडीने. शेवंता पिशवी भरून द्यायची. चकल्या, अनरसे, सासूसाठी लुगडं आणि सासऱ्यासाठी धोतरजोडी. तिकडे पुंडलिकराव त्याच्याशी बोलत नसत. तो ओसरीवर बसायचा, आईच्या हातचा चहा घ्यायचा, बाप आतल्या खोलीत असायचा, आणि संध्याकाळी हा परत यायचा. पिशवी रिकामी असायची, म्हणजे धोतर ठेवून घेतलं जायचं. एवढंच. वर्षानुवर्षं हेच.

एका दिवाळीला मी त्यांच्याकडे होते. शेवंता पिशवी भरत होती. मला राहवलं नाही. माझी जीभ अशीच आहे. मी म्हटलं, "काहून पाठवते त्याले? तो मानूस एक शब्द बोलत नाही. ज्यानं साऱ्या गावाले लुबाडलं असतं, तुले मंडपात बसवून लुबाडलं असतं, त्याले नवं धोतर कायले?"

शेवंताने धोतराची घडी पुन्हा एकदा सारखी केली आणि पिशवीत तळाशी ठेवली.

"काकू," ती म्हणाली, "त्यानं ड्रम ढकलला होता. बापाले नाही ढकललं."